पहिली बुडी कोणत्या बेटाशी? भूम ते कुरटे

१/ धाराशिव जिल्ह्यातील भूम हे बालाघाटाच्या पठारावरील तालुक्याचे गाव. खव्याच्या भट्ट्या, ज्वारीची काळी रानं, उन्हाळ्यात आटणारी बाणगंगा ही त्याची ओळख. समुद्र येथून खूप दूर. तरीही पहिली स्कूबा बुडी कोणत्या बेटाशी मारावी, हा प्रश्न आता या पठारावरही विचारला जातो. त्याचे उत्तर पर्यटनाच्या जाहिरातींपेक्षा इतिहासात अधिक नेमके सापडते, कारण बेट पारखण्याचे काम या मुलखाने साडेतीनशे वर्षांपूर्वी फार गांभीर्याने केले होते. त्याचीच ही हकीकत. #धागा

२/ आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. धाराशिवचा आणि समुद्राचा काही संबंध नाही, हा तो समज. याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत तगराचे नाव येते. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई, असे तो सांगतो. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेशी जवळचे साम्य असलेली प्रतिमा इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली आहे.

३/ याच ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील बेटांचाही उल्लेख येतो. त्यांपैकी 'सेसेक्रिएनाय' नावाचा बेटांचा पुंजका म्हणजे आजचे वेंगुर्ल्याचे खडक, असे अनेक अभ्यासक मानतात. मालवणच्या दक्षिणेला भर समुद्रात उभे असलेले हे काळे सुळके. तगराच्या कापडाची चर्चा करणारा लेखक मालवणजवळच्या बेटांचीही नोंद ठेवतो, एवढे भूमच्या वाचकाने लक्षात ठेवावे.

४/ पाण्याखाली जाण्याची हौसही या जिल्ह्याला नवी नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटात एक महाल आहे: पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास तो उभा राहिला. पावसाळ्यात नर-मादीच्या धारा बाहेर कोसळत असतात आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. पाण्याच्या भिंतीआड उभे राहून ते पाहावे, ही इच्छा चारशे वर्षांची जुनी आहे. फक्त तेथे पाण्याला बाहेर ठेवले होते. स्कूबात माणूस पाण्यात शिरतो आणि हवा सोबत नेतो.

५/ ती हवा सोबत कशी न्यावी, हे कोडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुटले. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदल अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो त्याच्याकडे गेला आणि १९४३ मध्ये त्या झडपेतून 'अ‍ॅक्वालंग' जन्मले. पाणबुड्या श्वास घेईल तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा देणारे यंत्र. इंधनाच्या रेशनिंगमधून समुद्राचा तळ मोकळा झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

६/ येथे विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. मराठवाड्यातील मूल पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत उतरते. पुढे सूर मारते, मुटका मारते, तळातून चिमूटभर गाळ आणून दाखवते. या विद्येचे सारे मर्म श्वास रोखून धरण्यात आहे. स्कूबात हीच सवय जीवघेणी ठरते.

७/ कारण रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये मांडलेला नियम. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे नळकांड्यातून छाती भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास रोखून वर येणाऱ्याचे फुप्फुस ती सामावून घेऊ शकत नाही. विहिरीतला पोहणारा पृष्ठभागावरचीच हवा घेऊन खाली जातो, ती खाली आक्रसते आणि वर येताना पूर्ववत होते. म्हणून त्याला धोका नसतो. स्कूबाचा पहिला नियम म्हणूनच अगदी साधा आहे: श्वास कधीही रोखू नये. कान दुखणे मात्र दोन्हीकडे सारखेच. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारण्याची युक्ती विहिरीतही चालते.

८/ दुसरा धोका रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा. पाण्याखालचे पूल आणि बोगदे बांधणारे मजूर दाबाच्या हवेतून बाहेर येताच वेदनेने वाकडे होत, अपंग होत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच विकाराने खिळला. यावरचा उतारा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेनने शोधला आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर यावे. त्याचे प्रयोग कोणावर झाले? शेळ्यांवर. दाबाच्या कोठडीतून बाहेर काढलेली शेळी पुढचा पाय उचलून धरू लागली की तिला दुखते आहे असे समजत. उस्मानाबादी शेळीसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याने हे ऋण ध्यानात ठेवावे. जगभरचे पाणबुडे वर येण्याचे जे गणित पाळतात, त्याची सुरुवात शेळ्यांच्या पायांपासून झाली.

९/ एवढ्या तयारीनंतर बेटाकडे वळता येते. नवख्याला बेट हवे ते कसले? लाटांपासून आडोसा असलेले. किनाऱ्याजवळचे. भोवती उथळ पाणी असलेले. तळाशी पाहण्याजोगे काही असलेले. आणि काही बिघडले तर मदत लवकर पोहोचेल असे. ही कसोटी वाचताना मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला एक बेट आपोआप आठवते.

१०/ १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली. पण आरमाराला घर हवे होते. राजापुरीच्या खाडीतोंडी सिद्दीचा जंजिरा उभा होता; वारंवार प्रयत्न होऊनही तो हाती येत नव्हता. गोव्यात पोर्तुगीज होते, वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, राजापुरात इंग्रजांची. या सर्वांच्या मधोमध स्वतःचे सागरी ठाणे कोठे उभारावे, हा प्रश्न होता. चुकीचे बेट निवडले असते तर खर्च, माणसे आणि वर्षे समुद्रार्पण झाली असती.

११/ निवड झाली ती मालवणसमोरच्या कुरटे बेटाची. पायाभरणीचा दिवस परंपरेने २५ नोव्हेंबर १६६४ मानला जातो. किनाऱ्यावर 'मोरयाचा धोंडा' आजही आहे. त्यावर गणपती, सूर्य आणि चंद्र कोरलेले दिसतात. तेथे पूजन करून कामाला हात घातला गेला, असे सांगतात. १६६७ पर्यंत किल्ला सिद्ध झाला. सुमारे ४८ एकरांचे क्षेत्र, सुमारे तीन किलोमीटर लांबीची नागमोडी तटबंदी. पाया खडकात पक्का बसावा म्हणून शिसे ओतल्याचे बखरींत नमूद आहे.

१२/ कुरट्यात काय पाहिले गेले? पहिली गोष्ट पाणी. खाऱ्या समुद्राच्या मधोमध बेटावर गोडे पाणी लागते. किल्ल्यातील दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी त्याची साक्ष आहेत. ज्या बेटावर गोडे पाणी नाही तेथे शिबंदी ठेवता येत नाही, आणि शिबंदी नसलेला किल्ला ओहोटीच्या वाळूइतकाच टिकाऊ असतो.

१३/ दुसरी, आणि या धाग्याच्या दृष्टीने खरी गोष्ट म्हणजे भोवतालचे खडक. कुरटे बेटाच्या आजूबाजूला पाण्याखाली दडलेली खडपे पसरली आहेत. काही ओहोटीला डोके वर काढतात, काही कधीच नाही. मोठे गलबत तोफा रोखून तटाला भिडवायचे तर वाट ठाऊक असलेला स्थानिक तांडेल हवा. वाट वाकडीतिकडी आहे. किल्ल्याचा दरवाजा तटाच्या वळणात असा दडवला आहे की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. भूमजवळच्या परंड्याच्या किल्ल्याला माणसांनी खंदक खणून पाणी भरले होते. सिंधुदुर्गाचा खंदक निसर्गाने खणून ठेवला होता, आणि त्यात सुळेही रोवून ठेवले होते.

१४/ परंड्याचा विषय निघाला आहे, तर एक आडवळण. विजापूरची प्रसिद्ध 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला ओढून नेली गेली. भुईकोटाचे भवितव्य अशा अवजड तोफांवर ठरत असे. शेकडो बैल जोडून ती तोफ पठारावरून नेता आली. समुद्रात बैल चालत नाहीत. अवजड तोफा वाहणाऱ्या मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते आणि कुरट्याभोवती ते सलग मिळत नाही. घाटावरच्या किल्ल्यांच्या मर्यादा ठाऊक असलेल्या राजाने समुद्रातले बेट का निवडले, हे परंड्याच्या बुरुजावर उभे राहिले की चांगले समजते.

१५/ किल्ल्याचे काम चालू असतानाच, फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणहून स्वतः आरमारासह निघाले आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील बसरूर गाठले. पुढे मिर्झाराजे जयसिंगाची स्वारी आली, पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले गेले. कुरट्यावरचे काम थांबले नाही.

१६/ तारखांकडेही पाहावे. पायाभरणी नोव्हेंबरात, स्वारी फेब्रुवारीत. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होऊ लागतो, पावसाचा गाळ खाली बसतो, पाणी निवळते. जूनपासून पुन्हा सारे बंद. गवंड्याला आणि नाविकाला जो हंगाम लागे, तोच आज पाणबुड्याला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे मालवणच्या पाण्याचे उत्तम दिवस.

१७/ या नियमाकडे डोळेझाक केली की काय होते, याचे उदाहरण जुने नाही. मे २०२२ च्या अखेरच्या आठवड्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. मे संपताना वारा फिरतो आणि लाट वाढते. पाण्याखालची पंधरा मिनिटे सुरक्षित असली तरी बोटीचा प्रवास त्याच सहलीचा भाग असतो. लाइफ जॅकेट, बोटीतील माणसांची संख्या आणि हंगाम या तीन बाबी विचारायला लाजू नये.

१८/ आता गंमत अशी की शत्रूला अडवणारी खडपेच आजच्या नवख्याला सोयीची ठरतात. पश्चिमेकडून येणारी लाट या खडकांवर फुटते आणि आतले पाणी तुलनेने संथ राहते. प्रवाळाला रुजायला टणक बूड लागते. वाळूवर त्याचा जम बसत नाही. म्हणून येथील प्रवाळ सलग भिंतीसारखे नाही, खडकाखडकांवर ठिगळाठिगळांनी वाढलेले आहे. भोवतालची खोली बहुतेक ठिकाणी पाच ते दहा मीटरच्या आत. प्रशिक्षकाने हात धरून नेलेल्या पहिल्या अनुभवासाठी जगभर बारा मीटरची मर्यादा पाळतात. प्राथमिक प्रमाणपत्र मिळवलेल्याला अठरा मीटर. मालवण या मर्यादेत आरामात बसते.

१९/ उणीवही सांगायला हवी, कारण जाहिरातीत ती नसते. मालवणचे पाणी स्फटिकासारखे नाही. दक्षिणेला देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, उत्तरेला गड नदीची खाडी आहे. सह्याद्रीची माती त्या घेऊन येतात. कित्येकदा दोन-चार मीटरपलीकडचे दिसत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो आणि गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीत पाणी शांत असते. पंचांग पाहून मुहूर्त काढणाऱ्या घरातील तरुणाला ही गणना अवघड जाऊ नये.

२०/ मग लक्षद्वीप का नको? पाण्याच्या दृष्टीने ते निःसंशय सरस आहे. तेथे नदीच नाही, म्हणून गाळ नाही. बुडालेल्या पर्वतमाथ्यांभोवती प्रवाळांनी उभारलेली कंकणाकृती बेटे, मधोमध उथळ खाजण. अशी बेटे कशी घडतात याचा सिद्धांत चार्ल्स डार्विनने १८४२ च्या ग्रंथात मांडला, तो आजही मुळात टिकून आहे. कडमत आणि बंगाराम येथे नवख्यांना शिकवण्याची परंपराही आहे. अडचण वेगळी आहे: प्रवेशासाठी परवाना लागतो, प्रवास कोचीमार्गे, खर्च मोठा. शिकून पूर्ण प्रमाणपत्र घ्यायचे असेल आणि गाठीशी पैसे असतील, तर हे उत्तम बेट. पण पाण्याखाली श्वास घेणे आपल्याला मानवते की नाही, हे ठरवण्यासाठी इतक्या दूर जाणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी धरण बांधणे.

२१/ अंदमानचा विचार मराठी मनात 'काळे पाणी' या शब्दांनी सुरू होतो. पण तेथे बेट निवडण्याचा एक चुकलेला प्रयोगही झाला आहे. १७८९ मध्ये लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअरने पाहणी करून दक्षिण अंदमानात, चॅथम बेटावर वसाहत घातली. जागा चांगली होती. आरमाराला अधिक सोयीचे बंदर हवे म्हणून १७९२ मध्ये ती उत्तर अंदमानात हलवली गेली. नकाशावर बंदर उत्तम, प्रत्यक्षात रोगराई. माणसे मरू लागली आणि १७९६ मध्ये वसाहत मोडली. १८५८ मध्ये बंडातील कैद्यांसाठी इंग्रज परतले, तेव्हा ब्लेअरच्या मूळ जागीच आले. आजचे श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, तेच.

२२/ नवख्यांची गर्दी होते ती हॅवलॉक बेटावर. १८५७ मधील इंग्रज सेनानीचे नाव २०१८ मध्ये बदलून ते स्वराज द्वीप झाले. तेथे किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येते, बोटीतून उडी मारावी लागत नाही. भित्र्या माणसासाठी ही मोठी सोय. पाणी उबदार आणि स्वच्छ. कान्होजी आंग्रे यांचा तळ अंदमानात होता, अशी एक कथा समाजमाध्यमांवर फिरत असते. ती सांगणारे त्यासोबत समकालीन पत्र मात्र कधी ठेवत नाहीत. आंग्र्यांच्या नावाचा खरा प्रवाळप्रदेश अंदमानात नाही, आपल्याच दारात आहे.

२३/ तो म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, पाण्याखाली बुडालेले प्रवाळाचे विस्तीर्ण पठार. सर्वांत उंच भागही पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरवर. २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांच्या चमूने तेथे पाहणी केली. सौंदर्य अपार, पण तेथे आडोसा नाही, किनारा नाही आणि नवख्याची मर्यादा जेथे संपते त्याच्याही खाली ते सुरू होते. नावातील पराक्रमाला भुलून निवडू नये, अशा जागांचे हे ठळक उदाहरण.

२४/ मधले पर्याय दोन. कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी: पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, पण बोटीचा प्रवास लांब आणि खोली जास्त. ज्याला बोट लागते त्याने विचार करून जावे. दुसरे गोव्याचे ग्रांदे बेट. त्याच्या परिसरातील सेंट जॉर्ज खडकाजवळ गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले. माल होता विटा आणि कौले. त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याची मुद्रा आणि १८६५ हे साल. मंगळुरी कौलांची ती खेप कोणाच्या घरावर चढायची होती कोण जाणे. ती समुद्राच्या तळावरच शाकारली गेली. इतिहासप्रेमी नवख्याला ग्रांदेची ओढ वाटली तर त्यात नवल नाही. मात्र गर्दीच्या दिवसांत तेथे गाळ आणि घाई दोन्ही वाढतात.

२५/ पुन्हा मालवणकडे. किल्ल्याचा पुढचा इतिहास थोडक्यात असा: १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले, दुसऱ्याच वर्षी तो कोल्हापूरकरांकडे परतला, १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. खडपांनी किल्ला अजिंक्य केला नव्हता, अवघड केला होता. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत सिंधुदुर्ग आहे.

२६/ तटाच्या आतल्या वारशाला ही मान्यता मिळाली. तटाबाहेरच्या पाण्याची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १९८७ मध्ये शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यातील तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा, ज्यात पद्मगडाचा परिसर येतो. कागदावर प्रवाळ वाचले. पण याच पाण्यावर रापण ओढणारे मच्छीमार जगत होते. आपल्या जाळ्यावर बंदी येणार, या भीतीने त्यांचा विरोध दीर्घकाळ राहिला. कागदावरचे अभयारण्य आणि पाण्यावरचा रोजगार यांचा सांधा बराच काळ जुळला नाही.

२७/ स्कूबा हा त्यातला एक सांधा ठरला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबवला गेला, स्थानिक तरुणांना पाण्याखाली मार्गदर्शन करण्याचे शिक्षण मिळाले. राज्याच्या पर्यटन महामंडळाने तारकर्लीत स्कूबा प्रशिक्षण संस्था उभारली. कालपर्यंत जाळे टाकणाऱ्या घरातला मुलगा आज पर्यटकाच्या टाकीचा दाब तपासतो. जिवंत प्रवाळ पाहायला माणसे येतात म्हणून प्रवाळ जिवंत राहण्यात त्या घराचा स्वार्थ आहे.

२८/ पण हाच धंदा प्रवाळाला मारूही शकतो. खडकावर टाकलेला नांगर, फोटोसाठी प्रवाळावर टेकवलेला पाय, मासे जमावेत म्हणून चारलेला पाव. एका हाताएवढे प्रवाळ वाढायला वर्षानुवर्षे लागतात आणि एका लाथेत ते मोडते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळाचा समावेश आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी प्रवाळ तोडणे हा वाघाच्या शिकारीच्या पंक्तीतील गुन्हा. बोट निवडताना एक साधी खूण पाहावी: ती कायमच्या बोयेला बांधतात की नांगर तळाशी फेकतात? जो फेकतो, त्याची स्वस्ताई दुसऱ्या कोणाला तरी महाग पडते आहे.

२९/ आणखी एक योजना चर्चेत आहे. जानेवारी २०२४ मध्ये सेवानिवृत्त झालेली नौदलाची 'गुलदार' ही नौका राज्याकडे सोपवण्यात आली. निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळी ती ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करावे, असा बेत आहे. बुडालेल्या जहाजात शिरणे हे मात्र शिकलेल्या पाणबुड्याचे काम. नवख्याने त्या नावाच्या मोहात पडू नये.

३०/ तेव्हा भूमच्या नवख्यासाठी निवड अशी लागते. पोहता येत नाही, फक्त एकदा पाहायचे आहे: मालवण, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भांगाच्या तिथीला, सकाळी. पोहता येते आणि शिकायचे आहे: सराव जवळच्या तरणतलावात, प्रमाणपत्र अंदमान किंवा लक्षद्वीपात. प्रमाणपत्रासाठी दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे आवश्यक असते. विहिरीत शिकलेल्याला ते जड जाऊ नये. दमा, कानाचा जुना विकार, हृदयाचा त्रास किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर आधी डॉक्टर. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नको, पैसे भरले असले तरी.

३१/ शेवटची गोष्ट केवळ घाटावरच्या माणसाला लागू आहे आणि म्हणून ती सहसा कोणी सांगत नाही. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हे सर्वांना ठाऊक असते. एका बुडीनंतर किमान बारा तास, अनेक बुड्यांनंतर अठरा. पण मालवणहून भूमला परतताना सह्याद्री चढावा लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या आसपास आहे. तीनशे मीटरच्या वर गेले की पाणबुड्यांच्या हिशेबात उंची मोजायला लागतात. हवेचा दाब कमी होतो आणि रक्तातील उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. उथळ पाण्यातल्या एका छोट्या बुडीनंतर धोका अल्प, तरी दिवसभर अनेक बुड्या मारून संध्याकाळीच घाट चढणे शहाणपणाचे नाही.

३२/ म्हणून बुडी पहिल्या दिवशी सकाळी मारावी आणि मुक्काम मालवणातच ठेवावा. दुपारी होडीने किल्ल्यात जाता येते. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर तेथे आहे, तिन्ही विहिरी आहेत. संध्याकाळी मोरयाच्या धोंड्यापाशी उभे राहिले तर ओहोटीला खडपे एकेक करून वर येताना दिसतात. सकाळी ज्यांच्यामध्ये पोहलो तीच ही, हे ओळखायला थोडा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गाडी घाटाला लावावी.